इनपुटहुक की थ्रेड? खिडकी नेमकी कधी चालते

भाची सुट्टीला रत्नागिरीत आली की आम्ही दोघी भरती-ओहोटीचा आलेख काढतो. या वेळी तिने आयपायथॉन, म्हणजे पायथॉन भाषेचा ओळीओळीने कोड चालवणारा कन्सोल उघडला, '%मॅटप्लॉटलिब क्यूटी' दिलं (मॅटप्लॉटलिब आलेख काढतं, क्यूटी ही खिडक्या बनवायची लायब्ररी) आणि 12 तास 25 मिनिटांच्या आवर्तनाची लाट काढली. आलेखाची वेगळी खिडकी उघडली. माउसने ती लहान-मोठी होत होती आणि त्याच वेळी प्रॉम्प्टवर, म्हणजे कोड लिहायच्या जागी, पुढची ओळही लिहिता येत होती. "मावशी, खिडकी मागे दुसऱ्या थ्रेडवर चालतेय ना?" तिने विचारलं. थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये शेजारी चालणारी कामाची स्वतंत्र धार. नाही. तिथे खिडकीही मुख्य थ्रेडवरच आहे आणि तिने लिहिलेला कोडही.

असं वाटणं साहजिक आहे. खिडकीवाल्या प्रोग्रॅमचा एक इव्हेंट लूप असतो: क्लिक, कळ, 'पुन्हा रंगव' असा निरोप येईपर्यंत थांबायचं, आला की निस्तरायचा, पुन्हा थांबायचं. कन्सोलचाही लूप असतो: ओळ वाच, चालव, उत्तर छाप. दोघांनाही मुख्य थ्रेडवरच ठाण मांडून बसायचं असतं. साध्या पायथॉनमध्ये आपण हाताने क्यूटीचा लूप सुरू करणारा 'एक्झेक' बोलावला, तर खिडकी बंद होईपर्यंत प्रॉम्प्ट परत येत नाही.

रोहा-वीर सोडलं तर कोकण रेल्वे बहुतेक ठिकाणी एकेरी मार्गाची. समोरची गाडी येते तेव्हा आपली गाडी स्टेशनात क्रॉसिंगला थांबते, आणि दोन्ही गाड्या त्याच रुळावरून पुढे जातात. इनपुटहुक म्हणजे हे क्रॉसिंग, आणि त्याचं स्टेशन म्हणजे प्रॉम्प्ट. तुम्ही काही लिहीत नसता, कन्सोल कळ दाबण्याची वाट बघत असतो, तेव्हा तो ती मोकळी वेळ खिडकीला देतो. पायथॉनमध्ये यासाठी सी भाषेतला 'पायओएस इनपुटहुक' हा फंक्शन पॉइंटर आहे, म्हणजे कोणतं फंक्शन बोलवायचं ते सांगणारी खूण. रीडलाइन (प्रॉम्प्टवरची ओळ वाचणारी लायब्ररी) असेल तर कळ येईपर्यंत साधारण दर 0.1 सेकंदाने तो बोलावला जातो. टीकेइंटर ही पायथॉनसोबत येणारी खिडक्यांची लायब्ररी तो स्वतःच लावून घेते, म्हणून साध्या पायथॉनच्या प्रॉम्प्टवर 'मेनलूप' न बोलावताही तिची खिडकी हलती राहते. आयपायथॉनचा क्यूटी हुक लिनक्सवर क्यूटीचा लूप चालू ठेवतो आणि कीबोर्डच्या इनपुटवर एक पहारेकरी बसवतो: कळ आली की लूप सोड. विंडोजवर असा पहारा जमत नाही, तिथे 50 मिलिसेकंदांच्या टायमरने पुन्हा पुन्हा डोकावून बघावं लागतं.

फरक हाताने बघायचा तर प्रॉम्प्टवर 'टाइम.स्लीप(20)', म्हणजे वीस सेकंद नुसतं थांब, असं लिहा आणि एंटर दाबून लगेच खिडकी लहान-मोठी करायला बघा. आतला आलेख ढिम्म हलणार नाही, खिडकी बंद करायच्या फुलीलाही दाद देणार नाही. वीस सेकंद संपले की साठलेल्या सगळ्या क्लिक एकदम अंगावर येतात. गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये आहे, क्रॉसिंग होणार कुठे? हेच 'स्लीप' वेगळ्या थ्रेडमध्ये घातलं तर प्रॉम्प्ट लगेच परत येतो आणि खिडकी हलत राहते.

थ्रेड म्हणजे दुसरा रूळ. मग सगळं थ्रेडवरच का नाही टाकत? कारण क्यूटीचा नियम सरळ आहे: विजेट्स, म्हणजे खिडकी आणि तिच्यातली बटणं-चौकटी, फक्त मुख्य थ्रेडवर. मॅकवरही खिडक्या मुख्य थ्रेडवरूनच हाताळाव्या लागतात. दुसऱ्या थ्रेडवरून आलेखाला हात लावला की कधी चालतं, कधी प्रोग्रॅम कोसळतो, आणि ते 'कधी चालतं' मला जास्त घातक वाटतं, कारण त्यावर माणूस विसंबतो. जुन्या आयपायथॉनमध्ये थ्रेडवर आधारलेले पर्याय खरंच होते. 2011 च्या 0.11 आवृत्तीत ते काढून इनपुटहुकची पद्धत आणली. 'मागे थ्रेड चालतो' ही समजूत काही अंशी तिथूनही आली असावी.

ज्युपिटर नोटबुकमध्ये कोड ब्राउझरमधल्या चौकटींत, म्हणजे सेलमध्ये लिहितात, आणि तो चालवणाऱ्या कर्नेल या वेगळ्या प्रोग्रॅमपाशी कीबोर्ड नसतोच. तिथे हुक सॉकेटवर, म्हणजे दोन प्रोग्रॅममधल्या वाहिनीवर, येणाऱ्या निरोपाची वाट बघतो. बाकी आळीपाळी तीच, म्हणजे सेल चालू असताना खिडकी थांबणार.

भाचीला वर्षभराचे 365 दिवस एकामागून एक काढून दाखवायचे होते. तिचा लूप चालू असेपर्यंत खिडकी पांढरीफटक राहायची आणि शेवटी एकदम 31 डिसेंबर उमटायचा. यासाठी थ्रेड लागत नाही. लूपच्या प्रत्येक फेरीत आम्ही 'पीएलटी.पॉझ(0.01)' घातलं, म्हणजे वाटेत छोटी स्टेशनं बांधली. तेवढ्या वेळात खिडकी स्वतःला रंगवून घेते. एकेका दिवसाचं गणितच मिनिटभर चालणारं असतं तर मात्र मी ते क्यूथ्रेडमध्ये, म्हणजे क्यूटीच्या वेगळ्या थ्रेडमध्ये टाकलं असतं आणि आकडे सिग्नलने (क्यूटीच्या निरोपाने) मुख्य थ्रेडकडे पाठवून रेघ तिथेच ओढली असती. आमचं गणित क्षणात होत होतं. लाट दिवसागणिक सरकायला लागली आणि भाचीने खुर्ची पुढे ओढली.