मोटारसायकलचा उजाळा (कोल्हापूर परिसर)

मोटारसायकलचा उजाळा : लांबच्या प्रवासाला वापरल्या जाणाऱ्या दुचाकीचा रंग, क्रोम, प्लॅस्टिक आणि काच यांवरचा मळ काढून त्यांची मूळची चकाकी परत आणण्याचे, घरच्या अंगणात करता येणारे काम. गॅरेजच्या बोलीत याला रबिंग-पॉलिश म्हणतात. अलीकडे डिटेलिंग हा शब्दही रुळला आहे. नुसत्या धुण्याने वर बसलेली धूळ जाते. उजाळ्यात रंगात रुतलेले कण, उन्हाने मेलेला थर आणि चुकीच्या पुसण्याने पडलेले बारीक ओरखडे यांचाही समाचार घेतला जातो.

चकाकी रंगात आधीपासूनच असते. वरचा थर सपाट असला की प्रकाश एका दिशेने परततो आणि टाकीत आभाळ दिसते. तो खरवडला गेला की तोच प्रकाश विखुरतो आणि रंग पांढुरका, विटका वाटू लागतो. म्हणून या कामाचा निम्म्याहून अधिक वेळ नवे ओरखडे न पाडता मळ उचलण्यात जातो, आणि तो तसाच जायला हवा. पॉलिश शेवटी येते, आणि ते जितके कमी लागेल तितके चांगले.

रंगाची घडण : आजच्या गाड्यांवर प्रायमर, त्यावर रंग आणि त्यावर पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात. सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात. त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ असतो. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवणारी द्रव्ये याच थरात असतात. रबिंगच्या प्रत्येक फेरीत त्यातला थोडा भाग कायमचा जातो. दरवर्षी दसऱ्याला नेमाने रबिंग करून घेतलेल्या टाकीच्या कडा काही वर्षांत फिक्या पडतात, कारण कडेवर थर मुळातच पातळ असतो आणि फिरत्या पॅडचा दाब तिथेच जास्त पडतो. जुन्या येझदी, राजदूत यांसारख्या गाड्यांवर अनेकदा क्लिअर कोट नसलेला एकेरी रंग आढळतो. ओळखायची खूण सोपी आहे : सीटखालच्या झाकल्या जागी पांढऱ्या फडक्याने थोडे पॉलिश घासून पाहावे. फडक्याला गाडीचा रंग लागला तर थर एकेरी. मॅट रंगाच्या गाडीला मात्र रबिंग, पॉलिश आणि साधे मेण तिन्ही वर्ज्य आहेत. मॅटपणा वरच्या थराच्या सूक्ष्म खडबडीतपणातून येतो. तो एकदा घासून गुळगुळीत झाला की तिथे कायमचा चकचकीत डाग राहतो आणि त्याला पुन्हा रंगवण्यावाचून इलाज नसतो.

कोल्हापुरातला मळ : कुठल्या मळाशी गाठ आहे हे न ओळखता फडके उचलणे ही सर्वांत महागडी चूक. या जिल्ह्यात गाडीवर बसणारा मळ ऋतूप्रमाणे आणि रस्त्याप्रमाणे बदलतो.

गळीत हंगामात ऊसवाहतुकीच्या रस्त्यांवर पाचटाचा चुरा आणि चिकट रस असतो, तर साखर कारखान्यांच्या आसपास चिमणीतून उडालेली काजळी टाकीवर येऊन बसते. ती हलकी आणि मऊ दिसते, पण बगॅसच्या (ऊस पिळून उरलेल्या चोथ्याच्या) राखेत काचेसारखी कठीण सिलिका असते; कोरड्या फडक्याने पुसली की रंगावर बारीक ओरखड्यांची जाळी उमटते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत फाउंड्री आणि ग्राइंडिंगच्या कामाजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर लोखंडाचे सूक्ष्म कण बसतात. ते क्लिअर कोटमध्ये रुततात, गंजतात आणि पांढऱ्या किंवा चंदेरी रंगावर केशरी ठिपक्यांच्या रूपात दिसू लागतात. गाडी गंजली असे समजून मालक घाबरतो. प्रत्यक्षात गंज त्या उपऱ्या कणाचा असतो.

आंबा, करूळ, भुईबावडा किंवा फोंडा घाटाने कोकणात उतरणाऱ्या गाडीचा मळ वेगळा. वर सह्याद्रीच्या माथ्यावर आणि खाली कोकणात जांभ्याची तांबडी माती, किनाऱ्यावर खारी हवा. तांबडी माती पावसात प्लॅस्टिकच्या खरखरीत पृष्ठभागात शिरते आणि वाळल्यावर सहज निघत नाही. मिठाचा परिणाम हळू दिसतो : स्पोकच्या निपलांवर गंज, इंजिनाच्या ॲल्युमिनियम केसिंगवर पांढरी भुकटी. समुद्राकाठून परतल्यावर त्याच संध्याकाळी साध्या पाण्याने गाडी खालून-वरून निथळवली तर पुढची बरीच मेहनत वाचते. कितीही दमलो असलो तरी हे टाळू नये असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

जोतिबाच्या डोंगरावरून येणाऱ्या गाडीवर गुलाल असतो, आणि त्याची रीत इतर मळापेक्षा उलटी आहे. सुका गुलाल आधी हवेने किंवा मऊ ब्रशने झटकावा, शिवणीतला आणि फटीतला पंपाने फुंकावा, मग भरपूर पाणी सोडावे. ओलसर फडके फिरवले की रंग विरघळून सीटच्या शिवणीत आणि मॅट प्लॅस्टिकमध्ये कायमचा मुरतो. खंडेनवमीच्या पूजेतल्या हळदीचा डाग तुलनेने सौम्य, कारण हळदीचे रंगद्रव्य उन्हात आपोआप विटते. बाजारच्या कुंकवात कृत्रिम रंग असू शकतो, म्हणून ते टाकीऐवजी हेडलाइटच्या काचेवर लावलेले बरे. झेंडूच्या माळेची तार मात्र हमखास ओरखडा पाडते. माळ सुती दोऱ्याने बांधावी.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाण्याखाली गेलेल्या गाड्यांवर पंचगंगेचा गाळ बसला होता. वाळलेला गाळ म्हणजे अतिबारीक सँडपेपरच. तो पाण्याने पुन्हा भिजवून, मऊ करून, धारेखालीच सोडवावा लागतो. अशा गाडीच्या इंजिनाचे आणि विजेच्या जोडण्यांचे काम आधी, चकाकीचा विचार नंतर.

टूरिंगच्या खास खुणा : लांबच्या प्रवासातले ओरखडे बहुधा सामानामुळे पडतात. टँक बॅगखाली अडकलेली धूळ इंजिनाच्या थरथरीने शेकडो किलोमीटर टाकी घासत राहते. बॅगेच्या चार कोपऱ्यांच्या जागी चार धुरकट वर्तुळे दिसतात. सामान बांधायचे पट्टे आणि रबरी दोऱ्या बाजूच्या पॅनेलवर रेघा पाडतात, गुडघे टाकीचा दोन्ही बाजूंचा रंग निस्तेज करतात. निघण्यापूर्वी या जागा पुसून त्यांवर पारदर्शक संरक्षक फिल्म चिकटवली तर परतल्यावर रबिंगची वेळच येत नाही.

गगनबावड्याच्या पावसात रेनकोट तापलेल्या सायलेन्सरला चिकटतो, हाही नेहमीचा अनुभव. तो काळा डाग पात्याने खरवडू नये. सायलेन्सर हात लावण्याइतका कोमट ठेवून लाकडी पट्टीने प्लॅस्टिक ढकलावे आणि उरलेला डाग क्रोम पॉलिशने काढावा.

धुणे : गाडी सावलीत आणि इंजिन पूर्ण थंड. एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊनंतर टाकीवर शॅम्पू वाळू लागतो, म्हणून काम लवकर सुरू करावे. प्रथम नुसत्या पाण्याची सौम्य धार वरून खाली सोडून जेवढा मळ स्वतःहून जाईल तेवढा जाऊ द्यावा. मग दोन बादल्या : एकीत गाडीसाठीचा सौम्य शॅम्पू, दुसरीत साधे पाणी. मायक्रोफायबरचा मिट (धुण्याचा मऊ हातमोजा) शॅम्पूत बुडवून एक भाग धुवावा, लगेच साध्या पाण्यात खळबळावा आणि मगच पुन्हा शॅम्पूत घालावा. दुसऱ्या बादलीच्या तळाशी साचलेली माती पाहिली की ही रीत का आहे ते लगेच पटते. एरवी तीच माती टाकीवर परत फिरली असती. चाके, चेनचा भाग आणि मडगार्डची आतली बाजू यांसाठी फडके वेगळे ठेवावे आणि ते टाकीला कधीही लावू नये. कपड्यांची पावडर आणि भांड्यांचा साबण मेणाचा संरक्षक थर धुऊन टाकतात.

वॉशिंग सेंटरवर गाडीच्या खालच्या भागावर डिझेल मारायची पद्धत अजून दिसते. त्याने तेलकट मळ सुटतो हे खरे, पण रबरी सील फुगतात, राहिलेल्या थरावर धूळ चटकन बसते, आणि तो फवारा ब्रेकच्या डिस्कवर गेला तर प्रश्न जिवाचा होतो. प्रेशर पंपाची धार चाकांच्या बेअरिंगवर, स्विचवर आणि रेडिएटरच्या नाजूक पत्र्यांवर रोखू नये. ओ-रिंगच्या (कड्यांमध्ये रबरी सील असलेल्या) चेनला पेट्रोल लावू नये. नदीवर किंवा तळ्यावर गाडी धुण्याची जुनी सवयही सोडलेली बरी. तेल आणि साबण शेवटी पाण्यातच जातात.

धुतल्यावर पाणी अंगावर वाळू देऊ नये. बोअरच्या पाण्यातले कॅल्शियमचे क्षार पांढरे गोल डाग सोडतात आणि उन्हात ते रंगात रुततात. ताजा डाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तितकेच पाणी घालून, काही क्षण टेकवून, लगेच धुतल्यावर निघतो. उघड्या ॲल्युमिनियमवर हा प्रयोग करू नये. रंकाळ्याकाठच्या झाडांखाली उभ्या केलेल्या गाडीवरची पक्ष्यांची विष्ठा आम्लयुक्त असते. तापलेल्या टाकीवर ती काही तासांत क्लिअर कोटवर खड्डा पाडू शकते, म्हणून ती रविवारच्या धुण्यापर्यंत ठेवू नये. ओल्या फडक्याने भिजवून तिथल्या तिथे उचलावी.

रुतलेले कण : धुऊन कोरड्या केलेल्या टाकीवर पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून हलकेच फिरवावा. उघड्या बोटांना न जाणवणारी खरखर पिशवीतून स्पष्ट कळते. लोखंडी कणांसाठी थायोग्लायकोलेट असलेले द्रावण मिळते. ते लोखंडाला भिडले की जांभळे होऊन ओघळते. त्याला उग्र वास असतो, हातमोजे हवेत, आणि ते वाळू देऊ नये. उरलेले कण क्ले बारने (रुतलेला मळ उचलणाऱ्या, चिकणमातीसारख्या मऊ वडीने) निघतात. शॅम्पूच्या पाण्याने पृष्ठभाग निसरडा ठेवून क्लेची वडी अलगद, सरळ रेषेत फिरवावी आणि मधूनमधून दुमडून स्वच्छ बाजू वर आणावी. वडी जमिनीवर पडली तर ती फेकून द्यावी, तिचा लोभ धरू नये. डांबराचे ठिपके थोड्याशा रॉकेलने विरघळतात. नंतर ती जागा शॅम्पूने धुवावी.

रबिंग : नखाची परीक्षा आधी. ओरखड्यावरून नख आडवे फिरवताना ते अडकले तर ओरखडा खोल गेला आहे; तो घासून काढायला जाणे म्हणजे भोवतालचा चांगला थर घालवणे. अशा जागी कंपनीच्या रंगक्रमांकाचा टच-अप रंग टूथपिकच्या टोकाने थेंबाथेंबाने भरावा. नख अडकत नसेल तरच कंपाउंड (थर घासून काढणारी लुगदी). सुरुवात नेहमी सर्वांत सौम्य पॉलिशने, हाताएवढ्या एकाच जागेवर करावी. तेवढ्याने भागले तर तीव्र कंपाउंडची बाटली उघडायचीच नाही. घरी काम करणाऱ्याने गोल फिरणाऱ्या जोरकस रोटरी मशीनऐवजी ड्युअल ॲक्शन (फिरता फिरता जागाही बदलत राहणारे) मशीन वापरावे, कारण ते एका जागी उष्णता साठू देत नाही. कडा, स्टिकरची टोके आणि बॅज यांवर मास्किंग टेप लावावा. फेअरिंग (गाडीच्या पुढचे वारा अडवणारे आवरण) आणि बाजूची पॅनेल प्लॅस्टिकची असतात : ती उष्णता वाहून नेत नाहीत आणि रंगाची जाडी मोजणारी चुंबकी यंत्रे त्यांवर चालत नाहीत, म्हणून तिथे हातानेच काम करणे शहाणपणाचे.

विंडस्क्रीन : ती सहसा पॉलिकार्बोनेट किंवा ॲक्रिलिकची असते. घरातल्या खिडक्यांचा अमोनियायुक्त क्लीनर तिला बारीक तडे पाडतो. महामार्गावर रात्री चिकटलेले किडे ओला टॉवेल पंधरा मिनिटे पसरून ठेवला की मऊ होऊन निघतात. हेल्मेटच्या काचेलाही हाच नियम.

क्रोम आणि धातू : शोभेच्या क्रोमचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो, खरे संरक्षण त्याखालचे निकेल देते. सूक्ष्म छिद्रांतून पाणी शिरले की खालचे लोखंड गंजते आणि तपकिरी ठिपके वर येतात. हलका गंज ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून चोळल्यास निघतो, कारण ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ आहे. नंतर कोरडे करून मेण लावावे. थर फुगून सुटला असेल तर घरचा उपाय नाही : जुना थर काढणे, बफिंग आणि नव्याने प्लेटिंग हे कारखान्याचे काम. शिवाजी उद्यमनगरात यंत्रकामाची परंपरा असल्याने अशा कामांसाठी कोल्हापूरकराला शहराबाहेर जावे लागत नाही. इथले जुने कारागीर बोट फिरवून पत्र्याचा अंदाज घेतात. त्यांच्याजवळ उभे राहून पाहण्यासारखे असते.

संरक्षक थर : कार्नौबा मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळते आणि ८० अंश सेल्सियसच्या थोडे वर वितळते. त्याची झाक उबदार असते, पण आपल्या उन्हापावसात ते फार महिने टिकत नाही. कृत्रिम सीलंट त्याहून जास्त टिकते. सिरॅमिक कोटिंग सिलिकावर आधारित असते आणि सर्वांत चिवट. मात्र ते खालचे ओरखडेही तसेच बंदिस्त करते, म्हणून त्याआधीचे काम निर्दोष हवे. जागा धूळरहित असावी आणि पहिले काही दिवस गाडी पाण्यापासून जपावी. हे काम पावसाळा सुरू होण्यापूर्वी, मे महिन्यात उरकलेले उत्तम.

कोणतेही मेण किंवा सिलिकॉनचे द्रावण सीट, हँडलच्या मुठी, फूटरेस्ट, ब्रेक डिस्क आणि टायर यांना लागू देऊ नये. चारचाकीच्या टायरला काळे चमकदार द्रावण लावतात, ते दुचाकीला चालत नाही : वळणावर गाडी टायरच्या कडेवरच झुकते आणि तिथे निसरडेपणा म्हणजे अपघात. काम संपल्यावर गल्लीतल्या गल्लीत सावकाश चालवून दोन्ही ब्रेक चार-पाच वेळा दाबावेत, म्हणजे डिस्क आणि पॅड कोरडे होतात. मग चेनला तेल द्यावे. गाडीवर कव्हर घालायचे असेल तर ते गाडी पूर्ण वाळल्यावर, आतून मऊ अस्तर असलेले आणि वाऱ्याने फडफडणार नाही असे घट्ट बांधून घालावे.