एकात्मिक यंत्रणा चाचणी, वार्षिक

एकात्मिक यंत्रणा चाचणी, वार्षिक : ज्या इमारतीचे काम क्षणभरही थांबून चालत नाही, तिच्यातील वीज, शीतन, अग्निसुरक्षा व नियंत्रण या यंत्रणांची वर्षातून एकदा प्रत्यक्ष वीज तोडून एकत्रित तपासणी करण्याची पद्धत. रुग्णालये, डेटा सेंटर, दूरध्वनी केंद्रे, हवाई वाहतूक नियंत्रण कक्ष ही अशा इमारतींची ठळक उदाहरणे. तंत्रज्ञ तिला ‘मेन्स फेल टेस्ट’ म्हणतात. ‘शटडाउन’ हा शब्दही ऐकू येतो, पण तो देखभालीसाठीच्या नियोजित वीजबंदीलाही लावला जात असल्याने या नोंदीत टाळला आहे.

उगम : या पद्धतीचे मूळ तीन ठिकाणी दाखवता येते. पहिले जहाजबांधणीत. नवे जहाज सेवेत घेण्यापूर्वी समुद्रात नेऊन पारखण्याचा प्रघात जुना आहे, आणि इमारत क्षेत्रातला ‘कमिशनिंग’ (वापरात आणण्यापूर्वीची पूर्ण पारख) हा शब्द नौदलातूनच आला. शब्दाचा हा प्रवास निर्विवाद असला, तरी त्यावरून पद्धतही तिथूनच आली असे म्हणणे घाईचे ठरेल. जहाजाची चाचणी मुख्यतः ताबा घेताना होते. दरवर्षी चालत्या कामात तीच परीक्षा पुन्हा घेणे ही निराळी कल्पना आहे. अमेरिकेतील ॲश्रे या शीतन-अभियंत्यांच्या संस्थेची कमिशनिंगविषयक पहिली मार्गदर्शिका १९८९ची. तीही प्रामुख्याने नव्या इमारतींच्या वातानुकूलनाविषयी होती.

दुसरे मूळ दूरध्वनी केंद्रांत. तेथील यंत्रे ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर चालत आणि त्यांच्या पाठीशी इंजिन-जनित्र असे. राखीव वीज नियमित पारखण्याची शिस्त या क्षेत्रात बरीच आधी रुजली होती.

तिसरे मूळ रुग्णालयांत आहे आणि पुरावा त्याच बाजूला अधिक झुकतो. ९ नोव्हेंबर १९६५ रोजी नायगाराजवळच्या ॲडम बेक वीजकेंद्रातील एका रिलेच्या (दोष दिसताच वाहिनी तोडणाऱ्या स्वयंचलित उपकरणाच्या) क्रियेतून सुरू झालेल्या बिघाडाने अमेरिकेचा ईशान्य भाग व ऑन्टॅरिओ अंधारात गेले. सुमारे ३ कोटी लोकांना त्याची झळ बसली. न्यूयॉर्कमधील अनेक रुग्णालयांकडे तेव्हा पुरेशी राखीव वीज नव्हती. त्यानंतरच्या काळात रुग्णालयांच्या वीजव्यवस्थेचे नियम कडक होत गेले आणि १९८०च्या दशकात एनएफपीए या अमेरिकेतील अग्निसुरक्षा संस्थेचे एनएफपीए ११० हे राखीव वीजयंत्रणांचे स्वतंत्र मानक आले. ठरावीक काळाने, ठरावीक भारावर, नोंद ठेवून चाचणी हा आजचा साचा या परंपरेतला दिसतो. डेटा सेंटर क्षेत्राने तो उचलला. तेथे १९९३ साली स्थापन झालेल्या अपटाइम इन्स्टिट्यूटच्या ‘टिअर’ वर्गवारीने एका भागाच्या बिघाडाने पूर्ण इमारत बंद पडू नये हा विचार रूढ केला.

जनित्रावरील भाराचा प्रश्न : एनएफपीए ११०नुसार डिझेल जनित्र (बोलीत ‘डीजी’) दरमहा किमान ३० मिनिटे, यंत्रावर नोंदलेल्या किलोवॉट क्षमतेच्या किमान ३० टक्के भारावर किंवा उत्पादकाने सांगितलेले किमान निष्कास तापमान (बाहेर पडणाऱ्या धुराचे तापमान) गाठेल अशा भारावर चालवावे लागते. ते जमले नाही, तर वर्षातून एकदा लोड बँक (कृत्रिम विद्युतभार देणारे उपकरण) जोडून आधी ५० टक्के भारावर अर्धा तास आणि मग ७५ टक्के भारावर एक तास, अशी सलग दीड तासाची चाचणी घ्यायची. जुन्या आवृत्त्यांत ती २५, ५० व ७५ टक्के अशा तीन टप्प्यांत दोन तासांची होती. काही जण ही वार्षिक लोड बँक चाचणी सरसकट बंधनकारक मानतात. मानकाचा शब्द मात्र मासिक अट न पाळली गेलेल्या जनित्रांपुरताच आहे. ज्यांच्या बंद पडण्याने जीव जाऊ शकतो, अशा यंत्रणांना याशिवाय दर ३६ महिन्यांनी साधारणतः चार तासांची चाचणी सांगितली आहे.

एवढा आग्रह का, हे निष्कास नळीचा सांधा पाहिला की कळते. कमी भारावर सिलिंडर पुरेसे तापत नाहीत. न जळलेले डिझेल व काजळी नळीत साचून सांध्यातून काळा, तेलकट ओघळ येतो. असे इंजिन सुरू होते, पण पूर्ण भार आला की दम तोडते. म्हणून भार न देता दहा मिनिटे डीजी चालवून वहीत सही करणे ही चाचणी मानता येत नाही.

चाचणीचा क्रम : चालक मुख्य ब्रेकर हाताने उघडतो. दिवे जातात, पंख्यांचा घरघराट थांबतो आणि यूपीएसचा (बॅटऱ्यांवर तात्पुरती वीज देणाऱ्या यंत्राचा) गजर तेवढा ऐकू येतो. वीज गेली की जनित्र आपोआप सुरू करणारे एएमएफ पॅनल काही सेकंद मुद्दाम थांबून वीज खरेच गेल्याची खात्री करून घेते, मग इंजिनाला स्टार्ट देते. व्होल्टेज व ५० हर्ट्‌झ वारंवारता स्थिरावली की भार डीजीवर येतो. रुग्णालयाच्या जीवरक्षक भागासाठी अमेरिकी मर्यादा १० सेकंदांची आहे. दरम्यान संगणकांचा भार बॅटऱ्या पेलतात. बॅटऱ्या मालिकेत जोडलेल्या असतात, त्यामुळे एकच बॅटरी आतून तुटली तरी ती सगळी ओळ निकामी होते. क्षमता मूळच्या ८० टक्क्यांखाली गेली की शिसे-आम्ल बॅटऱ्या बदलाव्यात असा संकेत आहे.

शीतनाकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. वीज परतली तरी चिलरचा (वातानुकूलनासाठी पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा) काँप्रेसर लगेच उठत नाही, त्याला काही मिनिटे लागतात. सर्व्हर मात्र त्या वेळातही तापतच असतात. त्यामुळे आपल्याकडे ही चाचणी मे महिन्यातल्या दुपारी घेणे अधिक बोलके ठरते. तेव्हा डीजी व चिलर दोघांचीही ताकद उष्णतेने घटलेली असते. अग्निसूचना वाजली की पंखे बंद, डँपर (हवेच्या नळ्यांतील झडपा) बंद, दारे खुली, लिफ्ट तळाला, ही साखळीही याच दिवशी पाहतात. तिच्यासाठी एनएफपीए ४ हे मानक २०१५ साली आले. शेवटी भार पुन्हा मुख्य पुरवठ्यावर न्यायचा असतो. हा टप्पा दमलेल्या चमूकडून उरकला जातो, आणि चुका येथेच होतात.

सांध्यांतील दोष (यंत्रणा एकमेकींना जोडल्या जातात तेथील) : सुटी तपासलेली यंत्रे ठणठणीत असूनही इमारतीचे काम बंद पडते, याचे दुःखद उदाहरण म्हणजे न्यूयॉर्कचे बेलव्ह्यू रुग्णालय. ऑक्टोबर २०१२च्या सँडी वादळात तेथील जनित्रे तेराव्या मजल्यावर सुरक्षित होती, पण त्यांना इंधन चढवणारे पंप तळघरात पाण्याखाली गेले. कर्मचारी व नॅशनल गार्डचे जवान जिन्यावरून हातोहात डिझेल वर नेत राहिले; अखेर रुग्ण हलवावेच लागले. जनित्राजवळच्या छोट्या टाकीतले (‘डे टँक’) इंधन संपेपर्यंत चाचणी चालवली, तर पंपाला वीज कोणत्या पॅनलवरून येते हा प्रश्न निदान पुढे येतो. पंप कोणत्या मजल्यावर असावा, हे मात्र आराखड्यातच ठरावे लागते.

महाराष्ट्र : महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार दर जानेवारी व जुलै महिन्यात आगप्रतिबंधक यंत्रणा सुस्थितीत असल्याचा परवानाधारक संस्थेचा ‘नमुना ब’ दाखला अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. तो अग्निसुरक्षेपुरता आहे. वीज गेल्यावर सर्व यंत्रणा मिळून कशा वागतात, हा त्याचा विषय नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई महानगराची वीज गेली, लोकल जागीच थांबल्या आणि रुग्णालये डीजीवर आली. नवी मुंबईतील ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात आज डेटा सेंटरची दाटी आहे. तेथे ही चाचणी मुख्यतः ग्राहकांबरोबरच्या करारांमुळे आणि रात्रीच्या ठरलेल्या वेळेत होते.