माध्यम-मालकीच्या केंद्रीकरणाला लोकविरोध (अमेरिका, २००३–०४)

वृत्तपत्रे, रेडिओ आणि दूरचित्रवाणी केंद्रे मोजक्या कंपन्यांच्या हाती एकवटू नयेत म्हणून अमेरिकेत झालेले आंदोलन. त्याची पार्श्वभूमी रेडिओची आहे. एका मालकाकडे देशभरात जास्तीत जास्त ४० रेडिओ केंद्रे असू शकत. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने ही मर्यादा काढली आणि काही वर्षांतच क्लिअर चॅनेल या एकट्या कंपनीकडे सुमारे १,२०० केंद्रे जमली. जानेवारी २००२ मध्ये नॉर्थ डकोटातील मायनॉट येथे मालगाडी घसरून अमोनिया पसरला, तेव्हा शहरातील सहाही व्यावसायिक केंद्रे याच कंपनीची होती आणि रात्री पोलिसांना तेथे कोणी फोनवर सापडेना. इशारा-यंत्रणा नीट न वापरल्याचा दोष कंपनीने पोलिसांवर ठेवला. तो वाद मिटला नाही, पण मालकीचा प्रश्न सामान्य माणसाला कळला तो अशा घटनांमुळे.

२ जून २००३ रोजी प्रसारणाचे नियमन करणाऱ्या संघीय संचार आयोगाने (एफसीसी) अध्यक्ष मायकेल पॉवेल यांच्या नेतृत्वाखाली ३ विरुद्ध २ मतांनी नियम सैल केले. एका कंपनीची दूरचित्रवाणी केंद्रे देशातील ३५ टक्के घरांपर्यंतच पोहोचू शकत. ही कमाल मर्यादा ४५ टक्के झाली. एकाच शहरात वृत्तपत्र व प्रसारण केंद्र एका मालकाकडे असण्यावरची १९७५ ची बंदी मोठ्या बाजारपेठांत उठली. आयोगाने अधिकृत जनसुनावणी घेतली ती एकच, व्हर्जिनियातील रिचमंड येथे. विरोधी मत देणारे सदस्य मायकेल कॉप्स आणि जोनाथन एडलस्टीन यांनी मग देशभर अनौपचारिक सुनावण्यांना हजेरी लावली. लाखो हरकती आल्या, बहुतेक सर्व विरोधात. ग्राहक संघटना, स्त्री संघटना, कॅथलिक बिशपांची परिषद आणि बंदूकधारकांची नॅशनल रायफल असोसिएशन एका बाजूला आले. या आंदोलनाचे खरे बळ ही विजोड एकजूटच होती, कारण तिच्यामुळे दोन्ही पक्षांच्या लोकप्रतिनिधींवर दबाव आला.

मात्र हरकतींची नुसती संख्या आयोगाला बांधत नाही. प्रस्ताव, हरकती, प्रतिहरकती, मतदान असा क्रम असतो. छापील मजकुराच्या हजारो ईमेलपेक्षा मुद्देसूद, पुराव्यानिशी दाखल झालेली हरकत पुढे न्यायालयात उपयोगी पडते. संसदेचा मार्ग अर्धाच फळला. सिनेटने सप्टेंबरमध्ये नियम रद्द करणारा ठराव ५५ विरुद्ध ४० मतांनी संमत केला, पण प्रतिनिधिगृहात तो मताला आलाच नाही. जानेवारी २००४ मध्ये खर्च विधेयकातून घरांपर्यंत पोहोचण्याच्या मर्यादेवर ३९ टक्क्यांची तडजोड झाली. हा आकडा जनहिताचा नव्हता: व्हायकॉम आणि न्यूज कॉर्पोरेशन या माध्यम कंपन्या आधीच ३५ टक्क्यांच्या पुढे गेल्या होत्या, त्यांना एकही केंद्र विकावे लागू नये एवढाच त्याचा हिशेब.

न्यायालयात अधिक हाती लागले. फिलाडेल्फियातील प्रोमिथियस रेडिओ प्रोजेक्ट या छोट्या संस्थेने आव्हान दिले. वेगवेगळ्या न्यायालयांत अर्ज असल्याने सोडत काढण्यात आली आणि प्रकरण तेथीलच तिसऱ्या सर्किट न्यायालयाकडे (संघीय अपील न्यायालय) आले. त्याने ३ सप्टेंबर २००३ रोजी, नियम लागू होण्याच्या आदल्या दिवशी, स्थगिती दिली आणि जून २००४ मध्ये बहुतांश नियम फेरविचारासाठी परत पाठवले. एखाद्या बाजारपेठेतील माध्यमांची विविधता मोजणाऱ्या आयोगाच्या ‘विविधता निर्देशांका’त न्यूयॉर्क परिसरातील एका सामुदायिक महाविद्यालयाच्या दूरचित्रवाणी केंद्राला न्यूयॉर्क टाइम्स कंपनीपेक्षा जास्त वजन मिळाले होते, असा निर्देशांक न्यायालयात टिकणे शक्य नव्हते.

हा वाद सतरा वर्षे चालला. २०१७ मध्ये आयोगाने पुन्हा शिथिल केलेले नियम १ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने मान्य केले. आयोगाने स्वतः सांख्यिकीय अभ्यास करवून घेतलाच पाहिजे असे कायदा म्हणत नाही, असे त्या निकालात म्हटले आहे.