१५५८च्या पलीकडचे पूर्वज: इंग्लंडच्या पॅरिश नोंदवह्या आणि बदलती आडनावं

इंग्लंडमधल्या एखाद्या घराण्याची वंशावळ लावत मागे गेलं की बऱ्याच गावांत वाट एकाच वर्षाशी अडते: १५५८. त्या गावी पूर्वज त्याआधीही राहत होते, चर्च त्याआधीही उभं होतं, नोंदी ठेवायचा हुकूम तर १५३८चा आहे. तरी वहीचं पहिलं पान १५५८चंच निघतं. ही मधली वीस वर्षं कुठे गेली, याचं उत्तर १५९८च्या एका आदेशात सापडतं. आडनावांच्या स्पेलिंगचा जो गुंता पुढे शोधकांना छळतो, त्यातला बराच भागही त्याच आदेशातून आलेला आहे आणि त्याकडे पुरेसं लक्ष दिलं जात नाही, असं माझं मत आहे.

मूळ हुकूम थोडक्यात असा. सप्टेंबर १५३८ मध्ये आठव्या हेन्रीच्या मुख्य मंत्र्याने फर्मावलं की प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावाने, एक वही ठेवावी आणि आठवडाभरातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं दर रविवारी वॉर्डनच्या (चर्चचा कारभार पाहणाऱ्या गावकऱ्याच्या) समोर तिच्यात लिहावीत. वहीसाठी दोन कुलपांची पेटी, एक किल्ली पाद्र्याकडे, दुसरी वॉर्डनांकडे. कसूर झाली तर तीन शिलिंग चार पेन्स दंड, आणि तो त्याच चर्चच्या डागडुजीला. लोकांनी याकडे संशयाने पाहिलं. बाप्तिस्म्यावर कर बसणार ही आवई दोनच वर्षांपूर्वी उत्तरेकडच्या बंडात उठून गेली होती, त्यामुळे नावं लिहून घेण्यामागे वसुलीच असणार असं गावोगाव बोललं गेलं. काही ठिकाणी वही लगेच सुरू झाली, काही ठिकाणी बरीच उशिरा. लिहिलं गेलं ते बहुतेक कागदावर, अनेकदा सुट्या किंवा साध्या शिवलेल्या पानांवर, आणि तेही दमट दगडी इमारतीत ठेवलेलं.

साठ वर्षांत त्या कागदांची जी दशा व्हायची ती झाली. म्हणून १५९८ मध्ये चर्चच्या वरिष्ठांनी ठरवलेला आणि पहिल्या एलिझाबेथ राणीने मंजूर केलेला आदेश निघाला की पॅरिशने स्वखर्चाने चर्मपत्राची वही घ्यावी आणि जुन्या कागदी नोंदी तिच्यात उतरवून काढाव्यात. कुठपासून? तर सुरुवातीपासून, ‘परंतु विशेषतः’ विद्यमान राणीच्या कारकिर्दीच्या पहिल्या वर्षापासून. ती गादीवर आली नोव्हेंबर १५५८ मध्ये. ‘विशेषतः’ ही गावांना मिळालेली पळवाट ठरली. चर्मपत्र महाग, नक्कल करणाऱ्याची मजुरी वेगळी आणि पैसा गावाचा. मग वीस वर्षांचं जुनं, फिकट, कुणीतरी गिचमिड केलेलं लिखाण कशाला उतरवायचं, असा हिशोब बहुतेक ठिकाणी झाला. नक्कल पूर्ण झाल्यावर मूळ कागद कुणी जपून ठेवले, कुणी टाकले, बऱ्याच ठिकाणी ते आपोआपच संपले.

या निर्णयावर दोन मतं आहेत. एक मत असं की यात धर्मकारण होतं. १५५३ ते १५५८ या काळात देश पुन्हा रोमच्या पंखाखाली गेला होता आणि प्रॉटेस्टंट राणीच्या चर्चला त्या वर्षांची आठवण नकोशी होती, म्हणून रेषा १५५८वर ओढली. मला हे पटत नाही. तसा हेतू असता तर फक्त ती पाच वर्षं गाळायला सांगितली असती. १५३८ ते १५५३ या वर्षांत लपवण्यासारखं काय होतं? शिवाय आदेशात ‘सुरुवातीपासून’ हे शब्द आधी येतात. १६०३च्या चर्चच्या नियमावलीत हाच आदेश पुन्हा आला, तेव्हा त्यात ‘जुन्या वह्या मिळतील तितक्या’ अशी पुस्तीही जोडली गेली. म्हणजे अवघ्या पाच वर्षांत जुन्या वह्या मिळणं दुरापास्त झाल्याची कल्पना वरपर्यंत पोचली होती. हे सगळं काटकसरीचं आणि आळसाचं काम दिसतं. पण आळसाचं म्हणून ते कमी गंभीर ठरत नाही. १५९८ मध्ये चाळीस-पन्नास वर्षांची असलेली जी माणसं रविवारी त्याच चर्चमध्ये येऊन बसत होती, त्यांचाच बाप्तिस्मा नव्या वहीत आला नाही. पेटीतला कागद आणखी वीस पानं उतरवला असता तर आज हजारो घराण्यांना एक पिढी जास्त मिळाली असती.

दुसरा परिणाम आडनावांवर झाला आणि तो चटकन डोळ्यात भरत नाही. १५५८ ते १५९८ अशी चाळीस वर्षं एकाच हस्ताक्षरात, एकाच शाईत दिसतात. प्रत्येक पानाच्या तळाशी पाद्री आणि वॉर्डन यांच्या सह्या किंवा निशाण्या असतात. त्या सह्या पाहून नवखा शोधक फसतो. त्या काळात तेच पाद्री तिथे होते असं त्याला वाटतं, आणि हे घराणं चाळीस वर्षं आपलं आडनाव एकाच पद्धतीने लिहीत होतं असंही तो धरून चालतो. खरं तर ते स्पेलिंग नकलनवीसाचं असतं. मूळ कागदावर चार पाद्र्यांनी चार तऱ्हांनी लिहिलेलं आडनाव त्याने आपल्या सवयीने एकसारखं केलं, किंवा न लागलेलं अक्षर अंदाजाने भरलं. त्या काळची वळणदार लिपी मोडीसारखीच, सराव नसेल तर लागत नाही: ‘सी’ आणि ‘टी’ सारखे दिसतात, ‘एच’ ओळीखाली लोंबतो, ‘एम’, ‘एन’, ‘यू’, ‘आय’ यांच्या उभ्या रेघा एकमेकींत मिसळतात, मोठा ‘एफ’ दोन छोट्या ‘एफ’नी लिहिला जातो.

शेक्सपिअरच्या गावची, स्ट्रॅटफर्डची वही याचा सर्वांना माहीत असलेला नमुना आहे. २६ एप्रिल १५६४ची त्याच्या बाप्तिस्म्याची ती प्रसिद्ध नोंद जगभर छापली जाते, पण ती मूळ नोंद नाही. ती १६००च्या सुमारास चर्मपत्रावर उतरवलेली नक्कल आहे आणि त्या वहीची सुरुवातही अर्थातच १५५८ची. तीत त्याचं आडनाव ‘के’नंतर लगेच ‘एस’ असं लिहिलेलं आहे, मधला ‘ई’ नाही. १५६४च्या कागदावर नेमकं काय होतं ते त्या नकलेवरून सांगता येत नाही.

त्याच माणसाच्या लग्नाचे कागद वूस्टरच्या बिशपच्या दप्तरात आहेत आणि ते अधिक बोलके आहेत. २७ नोव्हेंबर १५८२च्या परवान्याच्या नोंदीत वराच्या आडनावात ‘के-एस’च्या जागी एकटा ‘एक्स’ आहे आणि वधू आहे टेम्पल ग्राफ्टनची अ‍ॅन व्हेटली. दुसऱ्याच दिवशीच्या हमीपत्रात वराच्या आडनावात ‘के’ऐवजी ‘जी’ येतो आणि वधू होते स्ट्रॅटफर्डची अ‍ॅन हॅथवे. यावरून त्याच्या आयुष्यात दोन अ‍ॅन होत्या अशी कथा रचली गेली. अभ्यासकांचं साधं स्पष्टीकरण असं की त्या कारकुनासमोर त्याच दिवशी व्हेटली आडनावाच्या एका पाद्र्याचा दशमांश कराचा तंटा होता आणि ते आडनाव त्याच्या लेखणीतून चुकून परवान्यात उतरलं. मला हेच ग्राह्य वाटतं. पण याच चुकीत एखादं अप्रसिद्ध कुटुंब सापडलं असतं तर? हमीपत्र टिकलं नसतं, रुजुवातीला दुसरा कागद नसता आणि चारशे वर्षांनी कुणीतरी व्हेटली घराण्याला आपलं आजोळ मानून बसलं असतं.

१५९८च्या आदेशाचं एक मोठं देणंही आहे. वर्षभराच्या नोंदींची नक्कल दरसाल बिशपकडे पाठवायची प्रथा त्यानेच घालून दिली. या नकला अनेकदा घाईत केलेल्या, नावं गाळलेल्या असतात. पण जिथे गावची वही जळली, भिजली किंवा उंदरांनी खाल्ली, तिथे तोच एक आधार. दोन्ही टिकल्या असतील तिथे ताडून पाहावं. एकीत न लागणारं आडनाव दुसरीत स्वच्छ लागतं, आणि कधी दोन्हींत ते वेगवेगळंच निघतं.

पुढचे टप्पे वाचकांना ठाऊक असतील. यादवी आणि त्यानंतरच्या प्रजासत्ताकाच्या काळात नोंदींना भगदाडं पडली. १६५३च्या कायद्याने बाप्तिस्म्याऐवजी जन्म लिहायला सांगितलं आणि लग्नं मॅजिस्ट्रेटसमोर लावायला लावली. १७३३ मध्ये नोंदींतून लॅटिन भाषा गेली. आडनावांच्या दृष्टीने खरा बदल मार्च १७५४ मध्ये झाला. नव्या विवाह कायद्याने लग्नाच्या नोंदीवर वधू-वर आणि साक्षीदार यांच्या सह्या सक्तीच्या केल्या. त्यामुळे पहिल्यांदाच आडनाव पाद्र्याच्या कानावर न राहता खुद्द माणसाच्या हातून कागदावर येऊ लागलं. अर्थात सही येणाऱ्यांपुरतंच. सुरुवातीच्या दशकांत साधारण निम्मे वधू-वर फुलीच मारत होते आणि त्या फुलीशेजारी नाव लिहिणारा पाद्री अजूनही आपल्या कानावरच अवलंबून होता. ऑक्सफर्डला शिकलेला माणूस डेव्हनच्या शेतमजुराचं बोलणं ऐकून लिहिणार, तर आरंभीचा ‘ह’ गळणार किंवा नसलेला येणार, शेवटी ‘स’ लागणार नाहीतर सुटणार. वेल्सच्या सीमेवर ‘अमक्याचा मुलगा’ हे सांगणारं ‘अ‍ॅप’ वडिलांच्या नावाला चिकटून ‘अ‍ॅप हॉवेल’चं पॉवेल आणि ‘अ‍ॅप ऱ्हिस’चं प्राइस झालं. काही घराण्यांनी तर ‘ऊर्फ’ लावून दोन आडनावं पिढ्यान्‌पिढ्या चालवली, जमिनीच्या वारशासाठी किंवा सावत्र बापामुळे. १८१३ पासून छापील रकाने आले, जुलै १८३७ पासून सरकारी नोंदणी.

आज बहुतेक शोधक मूळ वहीपर्यंत जातच नाहीत. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या एका धर्मपंथाने आपल्या श्रद्धेपोटी इंग्लंडच्या वह्यांच्या मायक्रोफिल्म काढल्या आणि त्यातून नावांची प्रचंड सूची तयार केली. हे काम नसतं तर घरबसल्या शोध ही गोष्टच जन्मली नसती, हे मान्य करायलाच हवं. पण तिच्यात दोन उणिवा होत्या. सगळ्याच बिशपांनी आणि पाद्र्यांनी चित्रणाला परवानगी दिली नाही, त्यामुळे काही परगणे भरगच्च आणि काही विरळ राहिले. शिवाय सूचीत भर होता बाप्तिस्मे आणि लग्नांवर, दफनं फारच थोडी. त्यातून एक चूक घरोघरच्या वंशावळींत शिरली: बाप्तिस्म्याच्या नोंदीत सापडलेलं मूल पूर्वज म्हणून जोडलं गेलं, आणि ते मूल सहा महिन्यांचं असताना गेल्याची दफनाची ओळ त्याच वहीत पुढे तशीच पडून राहिली.

१९७९ पासून शंभर वर्षांहून जुन्या वह्या चर्चमधून परगण्याच्या दप्तरखान्यात जमा करणं, बिशपने सूट दिली नसेल तर, बंधनकारक झालं. त्यानंतर त्यांची छायाचित्रं निघाली आणि निरनिराळ्या परगण्यांनी ती निरनिराळ्या व्यापारी कंपन्यांना दिली. चार पिढ्या दोन परगण्यांत फिरलेल्या कुटुंबासाठी आता दोन वर्गण्या भराव्या लागतात. नावं संगणकावर चढवणाऱ्यांना त्या गावची आडनावं ठाऊक नसतात, म्हणजे १५९८ नंतरची ही आणखी एक नक्कल झाली आणि तीही नव्या चुकांसकट.

स्पेलिंगचा फरक भरून काढायला शोधयंत्रं उच्चारावर आधारित सांकेतिक क्रमांक वापरतात. त्यातली सर्वांत जुनी, अजूनही चालणारी पद्धत अमेरिकेत १९१८ मध्ये पेटंट झाली. पहिलं अक्षर कायम, पुढच्या व्यंजनांना तीन अंक. मी वूस्टर आणि स्ट्रॅटफर्डची ती तीन स्पेलिंगं या पद्धतीने मांडून पाहिली. तिन्हींचा क्रमांक एकच येतो, एस २१६. पण आज रूढ असलेलं, मध्ये ‘ई’ असलेलं स्पेलिंग घातलं तर क्रमांक होतो एस २२१. म्हणजे आजच्या स्पेलिंगने शोधणाऱ्याला या तीनही नोंदी दिसणार नाहीत. पहिलं अक्षर बदललं तर पद्धत पूर्णच आंधळी होते: हॉस्किन्समधला ‘एच’ गळला किंवा नाइटमधला अनुच्चारित ‘के’ पाद्र्याने लिहिला नाही की माणूस हरवला. म्हणून गाव ठरलं असेल तर नावाने शोधणं बंद करून त्या गावची वीस-तीस वर्षांची पानं ओळीने वाचणं हाच भरवशाचा मार्ग आहे.

यातली काही घराणी आपल्याकडेही येतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि पुढे सरकारच्या पाद्र्यांनी मुंबई इलाख्यात लिहिलेल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या नकला लंडनला जात, आणि तिथे त्यांची मालिका १७०९ पासून १९४८ पर्यंत आहे. पुणे, खडकी, अहमदनगर, बेळगाव इथल्या छावण्यांतले शिपाई, त्यांच्या बायका, साथीत गेलेली मुलं त्यात आहेत. वंशावळीसाठी जगभर वापरल्या जातात त्या या लंडनच्या नकला. लष्करी पाद्र्याने आयरिश किंवा वेल्श शिपायाचं आडनाव कानावर घेऊन लिहिलं, इथल्या कारकुनाने ते नकलेत उतरवलं, आणि दोघांमध्ये कुठे अक्षर बदललं हे पाहायचं तर मूळ वही ज्या चर्चमध्ये लिहिली गेली तिथेच चौकशी करावी लागते.