पुंगळीतली उरलेली जागा: गोळी बसवण्याच्या खोलीचा प्रश्न कसा उभा राहिला

वापरलेल्या पुंगळ्यांमध्ये (काडतुसाच्या धातूच्या नळकांड्यांमध्ये) नवी दारू आणि नवी गोळी भरून स्वतः काडतुसे तयार करण्याची, म्हणजेच हँडलोडिंगची पद्धत अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली. जॉन बार्लो यांनी १८८४ मध्ये सुरू केलेल्या आयडियल कंपनीची हातअवजारे तेव्हा शिकाऱ्यांमध्ये लोकप्रिय होती. त्या काळी गोळी पुंगळीत किती खोल जावी, याची फारशी चिंता कोणी करत नसे. काळी दारू पुंगळीत गोळीच्या बुडापर्यंत ठासून भरली जाई आणि मोकळी जागा ठेवायची नाही हाच नियम असल्यामुळे गोळीची खोली आपोआप ठरत असे.

हे चित्र पालटले ते फ्रेंच रसायनतज्ज्ञ पॉल व्हिएल यांच्यामुळे. त्यांनी १८८४ मध्ये तयार केलेली धूररहित दारू काळ्या दारूपेक्षा कितीतरी शक्तिशाली होती, त्यामुळे थोडक्या दारूत काम भागू लागले आणि पुंगळीत रिकामी जागा उरू लागली. तिचा ज्वलनाचा वेग दाबाबरोबर वाढतो, हा नियमही व्हिएल यांनीच मांडला आणि या विषयाचे मूळ तिथेच आहे, असे मला वाटते. गोळी अधिक खोल बसवली की दारूला पेटताना मिळणारी जागा कमी होते, सुरुवातीचा दाब वाढतो, त्या दाबामुळे दारू अधिक वेगाने जळते आणि त्यामुळे दाब आणखी वाढतो. जागा जितकी घटते त्याच्या कितीतरी पट दाब वाढतो, तो यामुळेच.

लहान पुंगळीत हा परिणाम सर्वांत तीव्र असतो. जॉर्ज लुगर यांच्या १९०२ मधील ९ मिलिमीटर काडतुसाची पुंगळी जेमतेम १९ मिलिमीटर लांब आहे. स्पीअर या अमेरिकन कंपनीने आपल्या पुस्तिकेत नोंदवलेल्या एका प्रयोगात या काडतुसातली गोळी इंचाच्या तीस सहस्रांशाने, म्हणजे पाऊण मिलिमीटरने खोल बसवली, तेव्हा तांब्याचा तुकडा चेपून मोजलेला दाब २८,००० वरून ६२,००० एककांवर गेला. अमेरिकेत या काडतुसासाठी ठरलेली कमाल मर्यादा आज ३५,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) आहे. दोन्ही मापनपद्धती वेगळ्या असल्याने आकड्यांची थेट तुलना करता येत नाही, तरीही पिस्तूल फुटण्याचा धोका त्यातून स्पष्ट दिसतो.

रायफलीत मात्र गणित बरेचसे उलटे आहे. तिथे पुंगळी मोठी असल्याने थोडीशी जागा घटल्याने फारसे बिघडत नाही; उलट गोळी इतकी बाहेर ठेवली की ती नळीतील पिळाला (गोळीला फिरवणाऱ्या सर्पिल खाचांना) आधीच टेकते, तर तिला सुरुवातीची मोकळी धाव मिळत नाही आणि दाब वाढतो. रॉय वेदरबी यांनी १९४० च्या दशकात आपल्या वेगवान काडतुसांसाठी ही मोकळी धाव मुद्दाम लांब ठेवली.

१९९० मध्ये .४० एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) हे पिस्तुलाचे काडतूस अमेरिकी पोलिसांकडे आले आणि हा प्रश्न कारखान्यात भरलेल्या काडतुसांपर्यंतही पोहोचला. तेच काडतूस रोज चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेत, चढवून पुन्हा काढले, तर गोळीचे टोक दर वेळी चेंबरकडे नेणाऱ्या उताराच्या कडेवर आदळते आणि गोळी हळूहळू आत सरकते. म्हणून पुंगळीची गोळीवरची पकड घट्ट असणे आणि असे काडतूस वेळीच बाजूला काढणे, हे दोन्ही सुरक्षिततेचे भाग मानले जातात. (भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतुसे तयार करता येत नाहीत.)

काडतुसाची एकूण लांबी व्हर्नियरने मोजली की काम झाले, असा समज अजूनही आढळतो. परंतु शिसे तांब्यापेक्षा जड असल्याने निव्वळ तांब्याची गोळी तेवढ्याच वजनाच्या शिशाच्या गोळीपेक्षा लांब भरते. एकूण लांबी तीच ठेवून ती बसवली, तर टोकाचा आकार सारखा असताना तिचे बूड पुंगळीत अधिक खोल जाते. म्हणूनच विश्वसनीय तक्त्यांत गोळीचे वजन आणि काडतुसाची लांबी यांच्या जोडीने गोळीचा नेमका प्रकारही दिलेला असतो, आणि त्यांतील एक गोष्ट बदलली तरी दारूचे प्रमाण पुन्हा खालच्या आकड्यापासून तपासत न्यावे लागते.