टीईएफएल केलं की लगेच कोरिया?

'टीईएफएलचं सर्टिफिकेट घ्या, पुढच्या महिन्यात कोरियात इंग्रजी शिकवा' हा सल्ला अनेक वर्षं फिरतोय. टीईएफएल म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना इंग्रजी कसं शिकवायचं याचा कोर्स. त्याचं सर्टिफिकेट खोटं नसतं, पण ते व्हिसा मिळवून देत नाही.

दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवण्यासाठीचा ई-२ व्हिसा मुख्यतः सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. इथे तुमचं इंग्रजी किती अस्खलित आहे यापेक्षा पासपोर्टचा रंग जास्त बघतात. अन्यायच आहे, पण नियम आहे. भारतीयांसाठी एक वेगळी वाट आहे. २०१० पासून लागू असलेल्या भारत-कोरिया व्यापार करारामुळे शाळांत सहायक शिक्षक म्हणून जाता येतं, पण त्यासाठी शिक्षकाची पात्रता लागते. म्हणजे इथे बी.एड. कामाला येतं, आठवड्याभराचा ऑनलाइन कोर्स नाही.

आता वेळेचं गणित. तिथलं शैक्षणिक वर्ष मार्चमध्ये सुरू होतं, त्यामुळे तयारी आदल्या पावसाळ्यातच हवी. पदवीचं प्रमाणपत्र आधी राज्य सरकारकडून पडताळायचं, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा यासाठीचा शिक्का. कोरियाला तो चालतो. पोलीस क्लिअरन्स मात्र फार आधी काढू नका, जुना झाला की नवा मागतात. आणि मार्कशीटवरचं नाव पासपोर्टशी जुळतंय ना, ते आजच बघा. लग्नानंतर आडनाव बदललेल्यांचं घोडं इथेच अडतं.