आमचा ग्राफिकल प्रोग्राम कुठे बसवायचा?

आमचा इन्स्टॉलर एकच प्रश्न विचारतो: प्रोग्राम कोणत्या डिरेक्टरीत ठेवायचा? तो स्वतःहून '/ऑप्ट' सुचवतो, आणि लिनक्सवर बहुतेकांनी तीच जागा ठेवावी. तरी काहीजण '/यूएसआर/बिन' टाकतात, तर जुने जाणकार सवयीने '/यूएसआर/एक्स११आर६'. दोन्ही टाळा. (पाथ इथे उच्चारानुसार लिहिले आहेत, टर्मिनलवर ते अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे.)

'/यूएसआर' हा तुमच्या डिस्ट्रिब्यूशनचा (तुम्ही वापरता त्या लिनक्स संचाचा) प्रांत. त्याचा पॅकेज मॅनेजर (सॉफ्टवेअर बसवणारा आणि अपडेट करणारा प्रोग्राम) तिथे बसवलेल्या प्रत्येक फाइलची नोंद ठेवतो, पण हाताने टाकलेली फाइल त्याच्या नोंदीत नसते. पुढच्या अपडेटमध्ये त्याच नावाची फाइल आली की तुमची फाइल न विचारता पुसली जाऊ शकते. उलटा प्रकार जास्त वाईट. आमच्यासोबत येणारी एखादी लायब्ररी (अनेक प्रोग्राम वापरतात तो सामायिक कोड) सिस्टिमच्या लायब्ररीवर बसली, तर भलतेच प्रोग्राम उघडेनासे होतात आणि दोष कुठे आहे ते चटकन सापडत नाही.

'एक्स११आर६' म्हणजे एक्स विंडो सिस्टिमच्या (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या यंत्रणेच्या) अकराव्या आवृत्तीचे सहावे रिलीज, १९९४ चे. खिडकी उघडणारा प्रोग्राम म्हटला की तो एक्सच्याच घरात ठेवायचा, अशी तेव्हा अनेकांची रीत होती. आमच्या मते ती तेव्हाही चुकीचीच, कारण प्रोग्राम दिसतो कसा यापेक्षा तो बसवला कोणी यावर त्याची जागा ठरते. २००५ च्या अखेरीस एक्स.ऑर्ग ७.० सुट्या भागांत आले, लिनक्सवाल्यांनी एक्स थेट '/यूएसआर' मध्ये हलवले आणि ही डिरेक्टरी हळूहळू नाहीशी झाली. ओपनबीएसडी या वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर ती अजून आहे, पण फक्त त्यांच्या स्वतःच्या एक्ससाठी.

राहिल्या दोन जागा. कोणत्या डिरेक्टरीत काय ठेवायचे ते सांगणाऱ्या फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्डनुसार (चालू आवृत्ती ३.०, २०१५) '/ऑप्ट' ही बाहेरून आलेल्या तयार पॅकेजेसची जागा. प्रत्येकाला स्वतंत्र डिरेक्टरी, सेटिंग्ज '/ईटीसी/ऑप्ट' मध्ये, बदलता डेटा '/व्हार/ऑप्ट' मध्ये. '/यूएसआर/लोकल' ही ॲडमिनने स्वतः बसवलेल्या, विशेषतः सोर्सपासून बिल्ड केलेल्या सॉफ्टवेअरची. तिथे फाइल्स 'बिन', 'लिब', 'शेअर' अशा विखुरतात, त्यामुळे नंतर काढताना वेचत बसावे लागते. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर मात्र पोर्ट्सही (तिच्या संग्रहातून बसवलेले बाहेरचे सॉफ्टवेअर) '/यूएसआर/लोकल' मध्येच बसतात, तेव्हा तिथे आमचा प्रोग्राम त्याच नावाच्या पोर्टवर आदळत नाही ना, ते आधी पाहा.

सर्वात जास्त येणारी तक्रार: प्रोग्राम '/ऑप्ट' मध्ये बसला, पण मेनूत दिसत नाही. डेस्कटॉप तिथे शोधतच नाही. तो '.डेस्कटॉप' फाइल्स (मेनूतल्या नोंदी) साधारणपणे '/यूएसआर/लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स' आणि '/यूएसआर/शेअर/ॲप्लिकेशन्स' मध्ये पाहतो. म्हणून आमचा इन्स्टॉलर अशी एक फाइल पहिल्या जागी ठेवतो आणि '/यूएसआर/लोकल/बिन' मध्ये सिम्बॉलिक लिंक (मूळ फाइलकडे नेणारा दुवा) करतो. इन्स्टॉल करताना हा पर्याय बंद करू नका.

रूटचा (सिस्टिमच्या ॲडमिन खात्याचा) पासवर्ड नसेल तर होम डिरेक्टरीतले '.लोकल' निवडा. प्रोग्राम मेनूत येईल, पण फक्त तुमच्या लॉगिनसाठी. टर्मिनलमधून नावाने चालला नाही, तर 'पाथ' मध्ये (टर्मिनल प्रोग्राम शोधते त्या डिरेक्टरींच्या यादीत) '.लोकल/बिन' आहे का ते बघा.

आधीच '/यूएसआर/बिन' मध्ये बसवला असल्यास फाइल्स हाताने हलवू नका. आमची अनइन्स्टॉल स्क्रिप्ट चालवा आणि पुन्हा बसवा. होममधल्या तुमच्या कामाच्या फाइल्सना ती हात लावत नाही.